आधी बोट, मग पाणी

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका पस्तिशीच्या, नोकरी करणाऱ्या. बाल्कनीत नऊ आणि हॉलमध्ये पाच, अशा त्यांच्याकडे चौदा कुंड्या होत्या. गेल्या आठ महिन्यांत तीन झाडं गेली. शेवटची पीस लिली. ती मान टाकत होती म्हणून त्यांनी पाणी वाढवलं, तरी गेली. दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलचा गजर झाला की त्या प्रत्येक कुंडीत एक मग पाणी ओततात. आई गेल्यापासून वडील त्यांच्याकडे राहायला आले आहेत आणि तेही रोज सकाळी सगळ्या झाडांना ‘थोडं थोडं’ पाणी घालतात. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक आहे, पण त्यावर बोलणं होत नाही. ओलावा मोजायचं यंत्र आणलं, तर ते एकाच कुंडीत दोन जागी दोन वेगळे आकडे दाखवतं. त्या विचारतात, ‘कुठल्या झाडाला किती दिवसांनी आणि किती पाणी, याचा एक पक्का तक्ता द्याल का? फ्रिजवर लावून टाकेन, म्हणजे बाबांना मला काही बोलायला नको. ते दिवसभर हिशेबाची वही घेऊन बसलेले असतात, एवढं एकच काम त्यांनी आपणहून हातात घेतलंय. आणि खरं सांगू का, माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत असं आता वाटायला लागलंय.’

तक्ता मी देणार नाही, आधीच सांगून टाकते. आळस म्हणून नाही. असा तक्ता कुणी दिलाच तर तो पहिल्या ढगाळ आठवड्यात खोटा ठरेल, आणि तोवर तुमचा त्याच्यावर विश्वास बसलेला असेल.

झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं, त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे वाफ होऊन उडून जातं. स्वतःसाठी ते फार थोडं ठेवतं. म्हणजे कुंडी किती दिवसांत सुकणार हे ऊन किती, वारा किती, हवा कोरडी की दमट, पानं किती आणि केवढी यावर ठरतं. तुमच्या हॉलमधलं मनीप्लांट खिडकीपासून उचलून कपाटावर ठेवलंत तर तेच झाड, तीच कुंडी, तीच माती असूनही पाण्याची गरज निम्म्यावर येऊ शकते. गजराला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त वार कळतो.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतलं एक सूर्यफूल वेगवेगळे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तराजूत घालून तोललं. मातीतून परस्पर वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड त्याने शिशाच्या पत्र्याने बंद केलं होतं. झाड दिवसाला सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं जास्त पाणी उडवत होतं. पण कडक, कोरड्या दिवशी हा आकडा दीडपटीवर जायचा आणि दव पडलेल्या रात्री वजन घटायचंच नाही. एकच झाड, एकच उन्हाळा. आता यावरून ‘सूर्यफुलाला दर अमुक दिवसांनी’ असं कुणी कसं सांगावं? त्या तराजूची आठवण ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आता तुमचा हात. सहा दिवसांचा हिशेब करून बघा. बाबांचं सहा वेळा आणि तुमचं दोन वेळा, म्हणजे प्रत्येक कुंडीत सहा दिवसांत आठ वेळा पाणी पडतंय. तुमच्या हाताला झाडं लागत नाहीत कसली, झाडांनाच हात जरा जास्त लागतोय. घरातली बहुतेक झाडं पाण्यावाचून मरत नाहीत, पाण्याने मरतात. मीसुद्धा एक भलीमोठी कोरफड अशीच मायेने कुजवली आहे. शेवटी ती नुसता हात लावल्यावर बुडातून सुटून आली.

पीस लिलीचं काय झालं असावं, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा सगळा गोंधळ तिथे आहे. झाडाने मान टाकली की त्याला तहान लागली, हे आपण धरूनच चालतो. मान टाकण्याचा अर्थ एवढाच असतो की पानांपर्यंत पुरेसं पाणी पोचत नाही. का पोचत नाही, हे पानं सांगत नाहीत. मातीत पाणी नसेल म्हणून पोचत नसेल, किंवा मातीत पाणी भरपूर असेल पण ते वर ओढणारी मुळंच कुजली असतील. दोन्हीकडे पानं सारखीच लोंबतात. उपाय मात्र अगदी उलटे, आणि ते कुंडीत बोट घातल्याशिवाय कळत नाहीत.

मुळं कुजतात कशी? मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा हवी. या अवस्थेला आपल्याकडे किती नेमका शब्द आहे: वाफसा. माती ना चिखल, ना धूळ. हातात घेतली तर गार लागते, दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर तो फुटतो. रोज थोडं थोडं पाणी पडत राहिलं की कुंडीला वाफसा कधी येतच नाही. पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर ओल्या मातीतले कुजवणारे जीव ताव मारतात. मग झाड मान टाकतं, आपल्याला कळवळा येतो, आणि आपण आणखी एक मग ओततो.

पीस लिलीची कुंडी अजून तशीच पडली असेल तर उलटी करून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा पिवळसर, ताठ असतात. कुजलेली मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलंत तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. हे एकदा बघितलं की पुन्हा शंका राहत नाही. थोडी जरी पांढरी मुळं दिसली तरी आशा आहे: कुजकं कात्रीने कापून टाका, उरलेल्या मुळांना मावेल एवढ्याच लहान कुंडीत, नव्या मोकळ्या मातीत लावा, उन्हापासून लांब ठेवा. आणि आजारी झाडाला खत घालायचा मोह आवरा.

(पीस लिली या बाबतीत जरा नाटकीच. खरोखर तहानली तरी ती अशी कोसळते की बघणाऱ्याने घाबरावं, आणि पाणी दिल्यावर काही तासांत काहीच झालं नाही अशी उभी राहते. एकदा ही जादू बघितली की माणूस दर वेळी पाणीच घालत सुटतो. दुपारच्या उन्हात मोठ्या पानांची आणखीही काही झाडं मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. तेव्हा निर्णय दुपारी घेऊ नका. सकाळी बघा.)

तुमच्या पत्रात न लिहिलेलं आणखी एक गृहीतक मला दिसलं, की बाबांची पद्धत चूक आणि तुमची बरोबर, फक्त ती त्यांना सांगायची कशी एवढाच प्रश्न. बाल्कनीत भर उन्हात जास्वंद आहे म्हणता. कडक उन्हाळ्यात, मातीच्या कुंडीतल्या भरगच्च जास्वंदीला रोज पाणी लागू शकतं. कुंडी लहान असेल तर दोनदासुद्धा. तिची माती वारंवार सुकली तर ती कळ्या गाळते. तिथे बाबा बरोबर आहेत आणि तुमचा तिसरा दिवस तिला उपाशी ठेवणारा. हॉलमधल्या स्नेक प्लांटपाशी दोघंही चूक. त्याची जाड पानं पाणी साठवतात आणि ते पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतं मुख्यतः रात्री, म्हणून त्याचं पाणी उडतंच कमी. मंद उजेडात त्याची कुंडी सुकायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, थंडीत त्याहून जास्त. झेडझेड प्लांटच्या तर मातीखाली बटाट्यासारखे कंदच असतात. या दोघांना विसरून जाणारा मालक सर्वांत चांगला मानवतो.

तर मग पाणी कधी? तपासून. सर्वांत विश्वासाचं साधन तुमच्या हाताला आहेच. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, साधारण दोन इंच. खोडाला चिकटून नको, मुळं दुखावतात. कडेला चिकटूनही नको, कारण कडेची माती लवकर सुकते. खोड आणि कड यांच्या मधोमध. बोट बाहेर काढल्यावर त्याला मातीचे ओलसर कण चिकटले असतील आणि गारवा जाणवला असेल तर आज काही करायचं नाही. बोट स्वच्छ, कोरडं बाहेर आलं तर मनीप्लांटसारख्या बहुतेक झाडांना पाणी द्यायची वेळ झाली. नेच्यासारख्या नाजूक मुळांच्या झाडाला तेवढी वाट बघायला लावू नका. वरचा अर्धा इंच सुकला की द्या. आणि स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड यांच्याबाबतीत बोट कोरडं आलं तरी थांबा. तिथे लाकडी काडी थेट तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. काडी ओलसर, गडद झाली असेल तर अजून आत पाणी आहे.

वरून बघून ठरवू नका, एवढं मात्र पक्कं धरा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेली माती यात फार फसवते. वरचा थर दोन दिवसांत फिका, भुरभुरीत होतो आणि आपल्याला वाटतं कुंडी सुकली. एक इंच खाली तीच माती पिळली तर पाणी निघेल अशी असते. याची उलट फसवणूकही होते. अशी माती एकदा पूर्ण कोरडी झाली की ती पाणी झिडकारते. मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटतो, ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून वाहतं आणि आपण समाधानाने पुढच्या कुंडीकडे वळतो. आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बसवायची. आधी बुडबुडे येतात, मग थांबतात, मग ती हाताला जड लागते.

जड लागते. ही माझी आवडती खूण. भरपूर पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा दोन्ही हातांनी उचला, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा उचला. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, त्यामुळे फरक लपत नाही. माझ्याकडची एक सहा इंची प्लास्टिकची कुंडी पाणी प्यायल्यावर सुमारे दीड किलो भरते आणि झाडाला पाणी हवं असतं तेव्हा एक किलोच्या आसपास येते. आता मला काटा लागत नाही, एका हाताने जराशी कलती केली तरी कळतं.

मातीच्या कुंड्यांना आणखी एक भाषा आहे. बोटाच्या सांध्याने बाहेरून टिचकी मारा. आत ओल असेल तर आवाज बद्द येतो, सुकली असेल तर मोकळा, खणखणीत. पूर्वी माळी लांब काठीला लाकडाचा ठोकळा बसवून रांगेने कुंड्या वाजवत जायचे ते याचसाठी. प्लास्टिकच्या कुंडीला ही विद्या चालत नाही.

यंत्राबद्दल: ते बिघडलेलं नाही, त्याला ओलावा थेट कळत नाही एवढंच. स्वस्तातली ही यंत्रं दांड्यावरच्या दोन धातूंमधून मातीत किती वीज वाहते ते मोजतात. मातीत खताचे क्षार जास्त असले की आकडा वाढतो. माती भरड, पोकळ असली की दांड्याला नीट स्पर्श होत नाही आणि ओल्या मातीतही ‘कोरडं’ दाखवतो. म्हणून दोन जागी दोन आकडे. बोट आणि यंत्र भांडले तर बोटाचं ऐका.

आणखी दोन-तीन खुणा चालता चालता दिसतील. मातीवर हिरवी शेवाळी पापुद्री, कुंडीभोवती घुटमळणारी बारीक काळी चिलटं, आंबूस वास: पाणी जास्त. पानांच्या कडा कुरकुरीत होऊन आत वळलेल्या आणि कुंडी हलकी: पाणी कमी. पिवळं पान एकटं काहीच सिद्ध करत नाही, कारण ते दोन्हीकडे येतं. पण खालची पानं एकामागून एक पिवळी, मऊ पडत असतील आणि माती ओली असेल, तर पाण्याचा मग बाजूला ठेवून द्या. आणि सकाळी मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबकळताना दिसला तर ते दव समजू नका. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी झाडाने टोकातून बाहेर ढकललेलं असतं. त्या दिवशी त्याला नक्कीच तहान नाही.

पाणी द्यायचं ठरलं की मात्र हात आखडू नका. ‘थोडं थोडं’ यातही खोट आहे: वरचा थर सतत ओला, खाली पाणी पोचेल याची खात्री नाही, आणि खताचे क्षार मातीतच साचत जातात. सावकाश, सगळीकडून, तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. अर्ध्या तासाने खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. मग पुन्हा बोट कोरडं येईपर्यंत विसरा. तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो हा एक जुना समज; खड्यांच्या वर ओलीगच्च माती तशीच तुंबून राहते, उलट मुळांच्या आणखी जवळ येते. भोक मोकळं हवं आणि माती मोकळी हवी, बाकी काही नको. छोट्या रोपाला ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी कुंडी देणंही तसंच, मुळं जेवढं पिऊ शकत नाहीत तेवढं पाणी भोवतीची माती धरून बसते.

आता बाबा. फ्रिजवरचा तक्ता त्यांना काय सांगेल याचा विचार केलात का? की आता हे काम कागद करणार. रोज सकाळी उठून काहीतरी जिवंत बघावंसं वाटणं, यासाठीच कदाचित त्यांनी ते हातात घेतलं असेल. मी त्यांना ओळखत नाही, पण बायको गेलेला माणूस कुंड्यांशी उभा राहतो तेव्हा तो फक्त पाणीच घालत असतो असं मला वाटत नाही. ते काम काढून घेऊ नका. बदला. ते हिशेबाची वही घेऊन बसतात असं तुम्ही लिहिलंत, हे वाचून मला पहिल्यांदा हेल्सचा तराजूच आठवला.

घरात वजनकाटा असेल तर हॉलमधल्या उचलता येतील अशा दोन कुंड्या त्यांच्या ताब्यात द्या. सांगायचं एवढंच: ‘बाबा, या दोघांना किती पाणी लागतं ते मला काही उमगत नाहीये. रोज सकाळी वजन लिहून ठेवाल का?’ हे खोटं नाही, तुम्हाला खरंच उमगलेलं नाही. पहिल्या दिवशी पोटभर पाणी, निथळल्यावर वजन. मग रोज एक आकडा, शेजारी बोटाचा निकाल: ओलं, दमट, कोरडं. ज्या दिवशी निकाल ‘कोरडं’ येईल त्या दिवशीच्या वजनाला गोल करायचा. तीन-चार गोल झाले की त्या कुंडीचा पाण्याचा आकडा त्यांच्या वहीत तयार असेल, आणि एखाद्या ढगाळ आठवड्यात तो गोल चार दिवस उशिरा का आला हे ते तुम्हाला सांगतील. तुम्हाला हवा होता तो तक्ता असा तयार होतो, फक्त त्यात दिवस नसतात. झाड वाढलं किंवा कुंडी बदलली की गोल नव्याने काढायचा, तेवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

बाल्कनीतल्या जड कुंड्या रोज उचलायला लावू नका, कंबर धरेल. तिथे बोट आणि टिचकी पुरेशी. पाणी मात्र एकाच्याच हातून जाऊ द्या. सकाळी बाबा, कारण सकाळी दिलेलं पाणी दिवसभराच्या उन्हाला कामी येतं आणि सकाळ त्यांची आहेच. तुम्ही संध्याकाळी आलात आणि एखादी कुंडी हलकी वाटली तर पाणी घालू नका, वहीत लिहा. सुरुवातीला हे जड जाईल. मोबाइलचा गजर ठेवायचाच असेल तर ठेवा, पण त्यावरचं ‘पाणी’ खोडून ‘बघ’ लिहा. बाहेरगावी गेलात तर शेजाऱ्यांनाही हेच सांगा, नाहीतर ते चार दिवसांत आठ दिवसांचं प्रेम करून ठेवतील.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. हॉलमधल्या कुंड्या शोभेच्या चिनीमातीच्या भांड्यांत बसवल्या आहेत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या भांड्यांना बुडाला भोक असतं का? बहुधा नसतं. स्नेक प्लांटची आतली कुंडी वर उचला. खाली दोन बोटं पाणी साचलेलं सापडलं, वास मारणारं, तर ते ओतून टाका, भांडं पुसा, कुंडी रात्रभर वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा. कागद जादा ओल शोषेल. मग निदान पंधरा दिवस त्याला कुणीच काही घालू नका. बाबांनी विचारलं तर त्यांना ते भांडं दाखवा, ओतण्याआधी.